तांब्यावरची रेघ

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

दिवाळी संपली, करंज्या संपल्या आणि आज आईचं तांब्याचं घंगाळही संपलं.

दादाने कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की रेडिओत आता तारा जोडायची गरज उरली नाही. बेकलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, तारांच्या जागी त्यावर वार्निशने रेघा काढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवून ठेवायची. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं. वार्निशखालचं तेवढं राहतं. त्याच रेघा मग तारांचं काम करतात. याला प्रिंटेड सर्किट म्हणतात. दादा रेडिओच्या कंपनीत जोडणी खात्यात आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत सोल्डरचा धूर नसेल तर शेजारच्यांना चुकल्यासारखं होतं.

तर दादासाहेबांनी ते पाणी ओतलं कशात? घरातलं सगळ्यात पसरट भांडं म्हणून घंगाळात! आई आणि मी दुपारची झोप काढून उठलो तर मोरीभर पिवळे ओघळ आणि घंगाळाच्या तळाला आरपार भोक. तांबं खाणारं पाणी तांब्याच्या भांड्यात ओतणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, आणि लोक त्याला इंजिनियर म्हणतात.

आई तोंडाला पदर लावून बसली. ते घंगाळ तिच्या माहेरचं. तेवढ्यात युस्टेस सायकलवरून आला. हा दादाचा शाळेपासूनचा मित्र, कांजूरच्या गावठाणातला. फोर्टात ब्लॉक बनवतात तिथे कामाला आहे. वर्तमानपत्रात फोटो छापायला धातूचे ठसे लागतात, ते हे लोक असंच पाण्याला तांबं चारून बनवतात. ते पाणीही त्यानेच आणून दिलं होतं. मोरीत डोकावून तो म्हणाला, "अरे विद्याधर, आता आई तुलापन भंगारात घालनार. चिनी मातीची बशी घे, बाबा!"

दादाने काढलेल्या रेघा म्हणजे कोंबडी शेणातून चालून गेल्यासारख्या होत्या. मी तसं म्हटलंही. तो चिडून म्हणाला, "मग तू काढ! शाळेत पोरींना आंबे-केळी काढायला शिकवतेस ना?"

काढीन की.

२३ नोव्हेंबर, रविवार

माझी पहिली पाटी फुकट गेली, आणि गंमत म्हणजे दोन शहाण्या माणसांमुळे गेली.

रेडिओचे भाग पाटीच्या एका अंगाला बसतात आणि रेघा दुसऱ्या अंगाला. म्हणजे रेघांचा नकाशा आरशात दिसतो तसा उलटा काढायला हवा. मी आठवडाभर डोकं लावून उलटा काढला आणि युस्टेसकडे दिला. ब्लॉकच्या कामात प्रत्येक चित्र उलटंच करायचं असतं, म्हणून त्याने सवयीने न विचारता माझा नकाशा पुन्हा उलटा करून तांब्यावर उतरवला. उलट्याचं उलट झालं सुलट. ट्रान्झिस्टरचे पाय भलत्याच भोकांशी.

"तुमी आधीच उलटा केलेला?" तो कपाळाला हात लावून म्हणाला, "उत्तराबाय, आजवर ड्रॉइंगवाल्यांनी आमच्यासाठी कदी इतका विचार केला नाय!"

दादा वैतागला, पण आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. पुढच्या खेपेपासून ट्रेसिंग नाहीच. मीच वार्निशमध्ये ड्रॉइंग पेन बुडवून सरळ तांब्यावर काढणार.

७ डिसेंबर, रविवार

वाजला! आमचा रेडिओ वाजला!

मधल्या दोन पाट्या वाया गेल्या. एकीचा पत्रा सोल्डरच्या उष्णतेने पापडासारखा उचलला गेला. दुसरीची एक टोकदार रेघ ऐन वळणावर तुटली. म्हणून या वेळी मी सगळे कोपरे गोल केले, रेघ जिथे भोकाला मिळते तिथे छोटी टिकली ठेवली आणि बशी युस्टेसने हलवली. तो बशी अशी हलवतो की पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातं आणि एक थेंब सांडत नाही. तासाभराने त्या काळपट पाण्यातून माझ्या रेघा तांबूस होऊन वर आल्या. मी आजवर खूप चित्रं काढली, पण त्यांतलं एकही कधी बातम्या बोललं नव्हतं.

दादाने ट्रान्झिस्टर बसवले, बॅटरी लावली. आधी खरखर, मग मुंबई केंद्रावरचा बाईंचा स्पष्ट आवाज. आईसुद्धा चुलीपासून उठून आली. "एवढ्याशा पाटीतून?" म्हणाली.

शाळेतल्या फलकावर कोपऱ्यात सही करायची सवय, त्यामुळे पाटीच्या कडेलाही मी बारीकसा 'उ' काढला होता. तांब्याचा 'उ' काय झकास चमकत होता! संध्याकाळी पाहिलं तर दादाने तो कानशीने घासून टाकला होता. म्हणाला, "अगं, उगाच शॉर्ट होईल." तो 'उ' कुठल्याच रेघेच्या जवळ नव्हता, पण विजेतलं त्याला जास्त कळतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

फेरिक क्लोराइडने बोटं पिवळी झाली आहेत आणि साबणाला दाद देत नाहीत. वर्गातल्या पोरी विचारतात, "बाई, तुम्हाला हळद लागली का?" मुख्याध्यापिकाबाईंनीही चष्म्यावरून पाहिलं. त्यांना म्हटलं, लोणचं घातलं. त्यांचा विश्वास बसला, यातच माझी शाळेतली किंमत आली.

खरं सांगायचं तर आता वर्गात जीव लागत नाही. फळ्यावर पेरू काढताना मनात दुसऱ्याच रेघा चालतात. ही वाट इकडून नेली तर ती कशी ओलांडणार? ओलांडायची तर नाहीच, कारण दोन रेघा एकमेकींना शिवल्या की संपलं. मला हेच काम करायचं आहे. माझ्या हाताला पहिल्यांदाच त्याच्या जोगं काम सापडलं आहे. लिहून ठेवलं. बोलून दाखवायला अजून लाज वाटते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

युस्टेस काल नाताळ आटोपून आज फराळ घेऊन आला. बहीण क्लॅरिसने केलेला. आईने डबा हातात घेतला, पण त्याच्यासाठी चहा वेगळ्या कपातून दिला. माझ्या ते आज पहिल्यांदाच लक्षात आलं. नेहमीच तसं असेल का?

त्याने बातमी आणली. त्याचा मामेभाऊ सेबॅस्टियन दादाच्याच कंपनीत स्टोअरला आहे. तो सांगतो, कंपनी आता अशा पाट्यांचं नवं खातं काढणार आहे आणि नकाशे काढायला हात पाहिजे. युस्टेस म्हणाला, "उत्तराबाय, तुमचं नाव द्या. असा हात फोर्टातपन कुनाचा नाय. आमच्या शेठला तुमची पाटी दाखवली, तर तो भिंग घेऊनच बसला."

दादाला लगेच विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, "बघतो. साहेबांच्या कानावर घालतो. पाटी दे नमुन्याला." मी नवी काढलेली पाटी रुमालात बांधून दिली.

४ जानेवारी १९५९, रविवार

दादाने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ड्रॉइंग खात्यात मुली घेत नाहीत. संपलं!

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण दादाचा तरी काय दोष? बाबा गेले तेव्हा तो कॉलेजात होता. घर त्यानेच ओढलं, मला टीचर्स डिप्लोमा करू दिला. तो माझ्यासाठी साहेबांपुढे शब्द टाकायला गेला हेच पुष्कळ. त्याला माझी दया आली असावी, कारण तो म्हणाला, "तुझा हात मोडू नको. मी कंपनीतली सर्किटं आणून देत जाईन, सराव म्हणून काढत जा." आणि आणलीही.

आज तर नवलच केलं. माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसला आणि विचारायला लागला. कोपरे गोल का ठेवतेस? रेघेची जाडी कुठे वाढवतेस? वार्निश किती पातळ? सगळं समजावून सांगितलं. लहानपणी मला पाढे शिकवताना टपल्या मारणारा माझा भाऊ आज माझ्याकडून शिकत होता. मला भरून आलं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल युस्टेस कामावरून परस्पर तिळगूळ घ्यायला आला. दादा घरी नव्हता. तिळगूळ तोंडात टाकून तो म्हणाला, "तुमी एकदा स्वतः कंपनीत जाऊन या ना."

मी म्हटलं, "मुली घेत नाहीत म्हणे."

"असं कोन बोलला?"

"दादा."

तो सायकलची घंटी पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "तरी एकदा जाऊन या. सेबॅस्टियन बोलतो..." आणि एकदम सायकलवर बसला. आई दारात आली होती.

मला राग आला. दादाने स्पष्ट विचारून आल्यावर याचा मामेभाऊ स्टोअरमध्ये बसून काय जास्त सांगणार? काही लोकांना उगाच आपली ओळख मिरवायची असते. युस्टेस तसा नाही असं वाटलं होतं.

२५ जानेवारी, रविवार

आज भराभर लिहिते आहे. शाईचे डाग पडले तर पडू देत.

काल दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं की युस्टेस आपली पद्धत बाहेर विकतो आहे. लॅमिंग्टन रोडच्या एका रेडिओच्या दुकानदाराला त्याने माझ्या पाटीची नक्कल करून दिली. "तुला उत्तराबाय, उत्तराबाय करून गोड बोलतो ते उगाच नाही," दादा म्हणाला. शिवाय तो माणूस दर रविवारी येतो, यावर चाळीत कुजबुज आहे, हेही त्याने सांगितलं. आई मान खाली घालून वाती वळत होती.

आज युस्टेस नेहमीसारखा आला. फेरिक क्लोराइडची नवी बाटली गोणपाटात गुंडाळून आणली होती. मी त्याला उंबऱ्यातच थांबवलं.

"आमच्या घरात बसून आमचंच विकायला लाज नाही वाटली?"

त्याला आधी समजलंच नाही. मग मी दुकानदाराचं बोलले. त्याचा चेहरा पडला. चोराचा चेहरा असाच पडत असणार.

"हे विद्याधर बोलला?"

"कुणीही बोलू दे. खरं की खोटं?"

"आन् तो कुठं हाय आता?"

दादा नेमका दाढी करायला बाहेर गेला होता, नाहीतर त्याने आणखी चार शब्द सुनावले असते. युस्टेसने माझ्याकडे पाहिलं, आमच्या खोलीतल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, बाटली दाराशी ठेवली आणि म्हणाला, "झाकन घट्ट लावा. वाफ वाईट असते." आणि गेला.

विश्वासघातकी माणसाने जाताना आपली काळजी करावी, हे फारच झालं. संध्याकाळपर्यंत रडले. पाटीवर कानाकोपऱ्यापर्यंत त्याच्या हाताची साथ आहे आणि तोच असा निघावा! आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटलीस हो." एवढ्या प्रेमाने ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बशी मीच हलवते. पाणी सांडतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दादाला बढती! नव्या खात्याचा तो प्रमुख झाला. आईने देवापुढे साखर ठेवली. दादाने माझ्यासाठी मोरपंखी साडी आणली, चांगली भारीतली. मी म्हटलं, "वहिनीसाठी ठेव की!" कारण आता ठाण्याच्या वर्तकांकडूनही होकार येणार. त्यांची मुलगी माणिक बी. ए. आहे आणि त्यांचं अडलं होतं ते दादाच्या हुद्द्यापाशीच.

मी विचारलं, "नव्या खात्यात नकाशे कोण काढतं रे?" तर म्हणाला, "आहे एक जण," आणि तोंड धुवायला गेला. कोण असेल भाग्यवान? दादाने माझ्याकडून एवढं शिकून घेतलं ते त्या माणसाला शिकवायलाच असणार. बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाही.

पुढच्या रविवारी त्याचे साहेब चहाला येणार आहेत. पडदे धुवायला काढले.

२२ फेब्रुवारी, रविवार

घडलं तसं लिहिते.

साहेब आले. साठीचे गुजराती गृहस्थ, बोलायला अगदी साधे. शिरा आवडला, मागून घेतला. खिडकीशी माझं टेबल होतं. त्यावर कालची अर्धी झालेली पाटी, वार्निशची वाटी आणि पेन. आवरायचं राहून गेलं होतं. साहेब उठून तिकडे गेले.

"हां, तर तू इथे बसून काढतो काय! विद्याधर, परवा तू सांगितला ते मी विसरलो. हे कोपरे गोल कशाला?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे.

दादा म्हणाला, "ते... त्याचं असं आहे साहेब..." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी सहज. मोजे कुठे आहेत हे विचारताना पाहतो तसं.

आणि मी मूर्ख! विचार करायच्या आत बोलून गेले. टोकावर वार्निश पातळ बसतं, पाणी तिथून आत शिरतं आणि रेघ तुटते, म्हणून गोल. साहेब वळून माझ्याकडे पाहायला लागले.

"अरे वा! बेनला पण येते?"

दादा हसला. "मीच शिकवलं तिला, साहेब. तेवढीच मला मदत."

"मग मी विचारला तेव्हा नाही का बोलला?" साहेब म्हणाले. "मी बोललो होतो ना, ड्रॉइंगला एक बाई ठेवू, बाईचा हात हलका असते. तू बोलला, अशी बाई मुंबईत मिळणार नाही."

दादाने कपातला चहा ढवळला. साखर विरघळून केव्हाच झाली होती.

"तिचं लग्न ठरतंय साहेब, म्हणून," तो म्हणाला.

माझं लग्न कुठेही ठरत नाही. आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "उत्तरा, साहेबांना शिरा वाढ." मी वाढला. हात जराही हलला नाही. साहेब जाताना म्हणाले, "भाऊ चांगला गुरू मिळाला हो तुला."

मी मोरपंखी साडी नेसले होते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेले नाही. दादा पहाटेच कंपनीत गेला, चहासुद्धा न घेता.

आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. "आई, तुला ठाऊक होतं?"

तिने खडा काढून बाजूला टाकला. "ठाऊक होतं म्हणजे काय? घरातलंच आहे. त्याच्या नावाने झालं तर घराचंच झालं. तू उद्या दुसऱ्या घरी जाणार. तुझं नाव कुणाच्या कामाचं?"

"माझ्या कामाचं."

"असं तोडून बोलतेस, म्हणून कुठे जमत नाही तुझं."

मग मी युस्टेसचं विचारलं. तो दुकानदार, ती नक्कल. आईने आणखी एक खडा काढून टाकला. "दुकानदार-बिकानदार कुणी नव्हता," ती म्हणाली. "तो मुलगा चांगलाच आहे. चांगला आहे म्हणूनच तर."

म्हणजे काय? चांगल्या माणसाला कुणी घालवतं का? मी दोनदा विचारलं, पण तिने सूप उचललं आणि ती आत गेली.

दादाने मला फसवलं, हे लिहितानाही पेन अडतं. परक्याने फसवलं असतं तर चाळ डोक्यावर घेतली असती. याचं कुणाला सांगू? ज्याला सांगितलं असतं त्याला मीच उंबऱ्यावरून हाकललं.

१ मार्च, रविवार

कांजूरला गेले. भांडुपला उतरून विचारत विचारत गावठाणात पोचले. मिठागरांचा वारा येत होता. क्लॅरिस ओट्यावर मासळी साफ करत होती. मी कोण ते तिने बरोबर ओळखलं. "तुमीच काय त्या मास्तरीणबाय," म्हणाली आणि कोयता जरा जोरातच चालवला.

युस्टेस बाहेर आला. रविवारचा चांगला शर्ट घातलेला. बसा म्हणाला. मी उभ्यानेच सांगून टाकलं की माझी चूक झाली, दुकानदार खोटा होता, तुम्ही मला सांगायचा प्रयत्न करत होता आणि मला समजलं नाही.

"मी उघड बोललो असतो की तुमचा भाव, विद्याधर, तुमची पाटी आपली म्हनून दाखवतो, तर तुमी मानलं असतं?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

तो हसला. "मग झालं. मी रागावलो नाय. पन आता तुमच्या घरी यायचा नाय."

मी विचारलं, "तुम्ही एवढ्या बाटल्या, वार्निश सगळं वाहून आणत होता, बशी हलवत होता. त्यात तुम्हाला काय मिळत होतं?"

"रविवार," तो म्हणाला.

क्लॅरिसने कोयता खाली ठेवला आणि ती उठून आत गेली. मी परतीच्या वाटेवर पुष्कळ विचार केला. रविवार तर त्याला सगळ्यांसारखी सुट्टी असतेच. पण त्याने ते असं म्हटलं की पुढे विचारायचा धीर झाला नाही, आणि घरी येईपर्यंत मला सारखं रडू येत होतं.

५ मार्च, गुरुवार

दादा इतके दिवस माझ्यासमोर आला की वर्तमानपत्र वाचायचा. आज ऑफिसमधून आल्या आल्या टेबलावर नवा कागद ठेवला. मोठं सर्किट, पाच ट्रान्झिस्टरचं. "एवढं सोमवारपर्यंत काढून दे. साहेब स्वतः बॅटरी लावून बघणार आहेत. इंग्लंडहून मागवलेले ट्रान्झिस्टर आहेत."

जसं काही झालंच नाही! माफी नाही, मान खाली नाही. मला वाटतं, तो ओरडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "दादा, मला तूच शिकवलंस ना? मग तूच काढ."

"उत्तू, तमाशा नको करूस. माझी नोकरी आहे ही."

"माझी होती."

आई मध्ये पडली. वर्तकांची बोलणी, मांडवाचा मुहूर्त, बाबांचा आत्मा, सगळं काढलं. मी मुलींच्या ड्रॉइंगच्या वह्या पुढे ओढल्या आणि तपासत राहिले. दादा म्हणाला, "बाबा गेल्यावर तुला कुणी पोसलं?" हे वाक्य त्याच्याकडे राखून ठेवलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

८ मार्च, रविवार

दोन दिवस तो स्वतः काढत होता. खिडकीशी, माझ्याच टेबलावर. मी त्याच खोलीत भाजी चिरत होते. त्याची मान आखडलेली, घाम कागदावर पडतो आहे, पेनात वार्निश जास्त घेतो आहे. एकदा तर माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो पदरात धरून ठेवला. त्याच्या पहिल्या दोन पाट्या फुकट गेल्या. तिसरी आज दुपारी पाण्यातून निघाली. त्याने ती नळाखाली धुतली, फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. बऱ्या रेघा होत्या. त्याच्या मानाने फारच बऱ्या.

मग तो माझ्यापाशी आला. चेहरा अगदी लहानपणीचा. "उत्तू, बघ ना गं. बरोबर आहे का?"

मी पाटी हातात घेतली. पाहताक्षणी दिसलं. खालच्या कोपऱ्यात बॅटरीच्या दोन्ही रेघा जवळ आल्या होत्या आणि मध्ये केसाएवढं तांबं खायचं राहून गेलं होतं. साध्या चाकूने एकदा खरवडलं असतं तर निघालं असतं. तसंच राहिलं तर उद्या साहेबांच्या डोळ्यांदेखत बॅटरी लावताक्षणी शॉर्ट होणार, आणि त्याने वाटा कशा फिरवल्या होत्या ते पाहता इंग्लंडचे ट्रान्झिस्टरही वाचणार नाहीत.

शाळेतली पहिलीतली पोरगी आली तरी मी तिचा वाकडा आंबा वाकडा म्हणते. तोंडदेखलं कौतुक मला कधी जमलं नाही. आईच्या मते माझं सगळं नशीब त्यानेच फिरलं आहे.

"छान झालंय, दादा," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी."

त्याने पाटी रुमालात बांधली. माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "बघ, आलं की नाही मला!" किती दिवसांनी तो असा मोकळा हसला. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. वाटत नाही. तो फिरायला बाहेर पडला तेव्हा दाराशी जाऊन त्याला हाक मारावी असं दोनदा वाटलं, पण उठले नाही.

आईला वाटलं, भावाबहिणींचं मिटलं. जेवताना तिने माझ्या भातावर न विचारता आणखी एक चमचा तूप वाढलं.